तळघरातली तालीम: नॅशव्हिलच्या लंच काउंटरांचं प्रकरण

नॅशव्हिलच्या आंदोलनाची गोष्ट सांगणारे बहुतेकजण थेट १९ एप्रिल १९६० वर येतात. कोर्टाच्या पायऱ्या, समोर तीन-चार हजारांचा मूक मोर्चा, एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी महापौरांना सरळ प्रश्न विचारते, महापौर सर्वांसमक्ष कबुली देतात आणि तीन आठवड्यांत शहरातल्या मोठ्या दुकानांमधली खाण्याची काउंटरं काळ्या गिऱ्हाइकांसाठी खुली होतात. प्रसंग अगदी खरा आहे. पण एवढाच ऐकला की वाटतं, एका गोऱ्या माणसाचं मन पालटलं आणि प्रश्न सुटला. माझ्या मते त्या दिवशीचा निकाल पायऱ्यांवर लागला नाही. तो आधीच बराचसा लागून गेला होता, एका चर्चच्या तळघरात आणि ईस्टरच्या तोंडावर ओस पडलेल्या दुकानांत. हे प्रकरण पायऱ्यांपासून मागे जाऊन वाचायला हवं.

शहर आणि त्याची रीत

टेनेसी राज्याची ही राजधानी १९६० साली सुमारे १,७०,००० वस्तीची होती. त्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक काळे. गावाला स्वतःबद्दल मोठा अभिमान. ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घ्यायची हौस इतकी, की अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती एका बागेत उभारलेली. अलाबामा-मिसिसिपीसारखे आपण आडदांड नाही, असं इथले गोरे प्रतिष्ठित मानत. १९५१ साली नगर परिषदेवर दोन काळे सदस्य निवडून आले होते. त्यांतले झेड. अलेक्झांडर लूबी हे मूळचे वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वाचे, आणि गावातले नामांकित वकील. महापौर बेन वेस्ट मवाळ म्हणून ओळखले जात.

हा मवाळपणा किती खोल होता, हे शाळांच्या प्रश्नात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं. लूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशव्हिलच्या शाळांविरुद्ध खटला चालवला, आणि १९५७ पासून शहराने ‘दर वर्षी एक इयत्ता’ या चालीने शाळा एकत्र करायला घेतल्या. पहिलीपासून सुरुवात. म्हणजे बारावीपर्यंत पोचायला बारा वर्षं! तेवढंही काहींना सोसलं नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये हॅटी कॉटन नावाच्या शाळेत एक काळी मुलगी पहिलीत दाखल झाली, आणि त्याच रात्री शाळेत डायनामाइटचा स्फोट झाला.

दुकानांची रीत वेगळी होती. शहराच्या मध्यभागी फिफ्थ अॅव्हेन्यूवर वुलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन ही स्वस्त मालाची मोठी दुकानं होती. जवळच हार्वीज आणि केन-स्लोन ही उंची डिपार्टमेंट स्टोअर्स. काळ्या बाईने तिथे कापड घ्यावं, वह्या घ्याव्यात, साबण घ्यावा. पैसे घेताना कोणाचीच हरकत नसे. त्याच दुकानातल्या लंच काउंटरच्या स्टुलावर मात्र तिने टेकायचं नाही. कॉफी नाही, सँडविच नाही, पाय दुखले तर बसायलाही जागा नाही. शाळा सरकारी होती, तिथे राज्यघटनेवर बोट ठेवून भांडता येत होतं. दुकान खासगी मालकीचं. मालक म्हणेल तो गिऱ्हाईक, आणि उठवूनही उठला नाही तर पोलिसांच्या ताब्यात.

मराठी वाचकाला इथे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. पण १९२७ साली चवदार तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं होतं, आणि ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव आधीच झालेला होता. तरीसुद्धा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. नॅशव्हिलच्या काउंटरवर तर तेवढा कागदही हाती नव्हता. म्हणून हा प्रश्न वकिलांच्या मार्गाने लवकर सुटण्यातला नव्हता.

नागपूरहून परतलेला माणूस

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ चा, वाढ ओहायोतल्या मॅसिलन गावात. वडील मेथॉडिस्ट पाद्री. लहानपणी एका गोऱ्या मुलाने शिवी दिली म्हणून त्यांनी त्याला थोबाडीत दिली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, की त्याने काय साधलं? ही आठवण लॉसन आयुष्यभर सांगत राहिले. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी नकार दिला आणि वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढला. तिथून सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनतर्फे ते नागपूरला आले, हिस्लॉप कॉलेजात. तिथे ते मुलांना खेळांचं प्रशिक्षण देत आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात, बसमधल्या वर्णविभाजनाविरुद्ध काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्यांनी नागपुरातच, ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली.

हा धागा आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून मुद्दाम सांगितला. मात्र त्यावरून ‘नॅशव्हिलचं आंदोलन आपण घडवलं’ अशी कॉलर ताठ करण्याचं कारण नाही. लॉसन भारतात येण्याआधीच अहिंसेसाठी तुरुंग भोगून आले होते. बायबल, आईचा तो प्रश्न आणि अमेरिकेतल्या शांततावादी चळवळी ही त्यांची आधीची शिदोरी. इथल्या तीन वर्षांत त्यांना दिसलं ते असं, की अहिंसा हा एकट्यादुकट्याचा स्वभावगुण म्हणून पुरत नाही. ती हजारो सामान्य माणसांना पद्धतशीर शिकवता येते.

१९५६ मध्ये ते मायदेशी परतले आणि ओबरलिनला धर्मशास्त्र शिकू लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये तिथे त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. दोघेही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पुरं करून दक्षिणेत यायचा विचार आहे, असं लॉसन म्हणाले. किंग यांनी आग्रह धरला, थांबू नका, आताच या. लॉसन नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात दाखल झाले आणि ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संघटनेचं काम करू लागले. गावात पाद्री केली मिलर स्मिथ यांनी १९५८ च्या सुरुवातीला नॅशव्हिल ख्रिश्चन लीडरशिप काउन्सिल उभी केली होती. स्मिथ यांच्याकडे लोक होते, चर्च होतं, गावात शब्दाला वजन होतं. लॉसन यांच्याकडे पद्धत होती.

लक्ष्य कोणी ठरवलं

१९५८ पासून लॉसन यांची शिबिरं सुरू झाली. १९५९ च्या शरद ऋतूत क्लार्क मेमोरियल मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरू लागले. पहिला प्रश्न होता, नेमकं काय मागायचं? घरं, नोकऱ्या, शाळा, पोलीस, सगळीकडेच भेदभाव. सुरुवातीच्या बैठकांना येणाऱ्या काळ्या बायकांनी आपलं रोजचं दुखणं मांडलं. लेकरांना घेऊन बाजारात जायचं, दिवसभर खरेदी करायची, पण मुलाला भूक लागली तर बसवून खायला घालायला जागा नाही, लघवीला न्यायची सोय नाही. काचेपलीकडे गोरी मुलं आइस्क्रीम खाताना दिसत असतात, आणि आपल्या मुलाला ‘तुला तिथे का बसता येत नाही’ हे आईनेच समजावून सांगायचं.

लॉसन यांनी नंतर अनेकदा सांगितलं, की मध्यवर्ती बाजारपेठेतली दुकानं हे लक्ष्य या बायकांच्या बोलण्यातून ठरलं. मला या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा निर्णय वाटतो. नैतिक बाजू त्यात होतीच, पण व्यवहारही होता. दुकानदाराला काळ्यांचा पैसा हवा होता. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं, त्याची नस हातात होती. शिवाय घरात पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बायकाच होत्या. पुढे बहिष्काराची हाक निघाली तेव्हा तो मुद्दा त्यांना नव्याने पटवून द्यावा लागला नाही.

विद्यार्थी हळूहळू जमले. डायन नॅश शिकागोची. फिस्क विद्यापीठात आल्यावर टेनेसीच्या जत्रेत स्त्रियांच्या स्वच्छतागृहांवर ‘गोऱ्या’ आणि ‘काळ्या’ अशा वेगळ्या पाट्या दिसल्या, आणि ती हादरली. जॉन लुईस अलाबामातल्या शेतकरी कुटुंबातला, अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरीत शिकणारा, अबोल. त्याच सेमिनरीतले बर्नार्ड लाफेएट आणि जेम्स बेव्हल. फिस्कमध्ये रसायनशास्त्र शिकणारा मेरियन बॅरी. पाद्री सी. टी. व्हिव्हियन वयाने मोठे. मेहारी मेडिकल कॉलेज आणि टेनेसी ए अँड आय या विद्यापीठांतूनही मुलं येत. काही गोरे विद्यार्थीही होते. त्यांतला पॉल लप्राड फिस्कमध्ये शिकत होता.

तळघरात चाले ती अक्षरशः तालीम. खुर्च्या मांडून त्याला काउंटर मानायचं. काहींनी बसायचं, बाकीच्यांनी गोरे गुंड व्हायचं. शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, ढकलून खाली पाडायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही. पडताना डोकं आणि पोट कसं झाकायचं, मार खाणाऱ्या सोबत्याच्या आणि मारणाऱ्याच्या मध्ये स्वतःला कसं घालायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे सगळं पुन्हा पुन्हा. मग भूमिका बदलायच्या. आपल्याच मित्राला शिव्या देताना काय वाटतं तेही कळायला हवं, असा लॉसन यांचा आग्रह. कोणाचा तोल सुटतो ते तिथेच दिसे. ज्याला हे जमणार नाही त्याने दुसरं काम करावं. त्यात कमीपणा नाही.

२८ नोव्हेंबर १९५९ ला एक छोटी तुकडी हार्वीजमध्ये गेली, आणि ५ डिसेंबरला केन-स्लोनमध्ये. वस्तू विकत घेतल्या, काउंटरवर बसून खायला मागितलं, नकार मिळाल्यावर व्यवस्थापकाला शांतपणे कारण विचारलं आणि उठून निघून आले. ही चाचणी होती. नकार कोण देतं, कोणत्या शब्दांत देतं, वरचा अधिकारी काय म्हणतो, याच्या नोंदी झाल्या. नाताळच्या सुट्टीनंतर पुढचं पाऊल टाकायचं ठरलं होतं.

एवढ्यात १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वुलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि देशभर बातमी झाली. डरहॅमचे पाद्री डग्लस मूर यांनी लॉसन यांना फोन करून विचारलं, तुमच्याकडून पाठिंबा म्हणून काही होईल का? पहिलेपणाचा मान ग्रीन्सबरोला गेला. नॅशव्हिलची तयारी मात्र कित्येक महिन्यांची होती, आणि तो फरक लवकरच दिसला.

सत्त्याऐंशी डॉलर पन्नास सेंट

१२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी स्मिथ यांच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेकडो स्वयंसेवक जमले. त्यांतल्या बहुतेकांनी तळघर पाहिलेलंही नव्हतं. ज्येष्ठ मंडळींनी थांबण्याचा सल्ला दिला. काउन्सिलच्या खात्यात ८७ डॉलर ५० सेंट एवढेच शिल्लक होते. अटका झाल्या तर जामीन कशातून भरायचा? स्मिथ यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. बेव्हलने उत्तर दिलं, की आज थांबलो तर पुढच्या आठवड्यात आणखी काही निमित्त निघेल, मग त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. मुलं ऐकणार नाहीत हे दिसल्यावर स्मिथ आणि इतर ज्येष्ठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. थांबवण्याचा प्रयत्न करून, तो फसल्यावर रुसून न बसता मदतीला येणारे वडीलधारे हे या प्रकरणाचं भाग्य होतं. पुष्कळ चळवळी नेमक्या याच वळणावर फुटतात.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बर्फ पडलेलं असताना १२४ विद्यार्थी वुलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलनमध्ये गेले. अंगावर चर्चला जाण्याचे कपडे, हातात पुस्तकं. किरकोळ खरेदी केली आणि स्टुलांवर बसले. दुकानांनी काउंटर बंद केले. मुलं अभ्यास करत बसली आणि सुमारे दोन तासांनी उठून परत गेली. डायन नॅश नंतर गमतीने सांगत, की त्या दिवशी मुलांपेक्षा वेट्रेसच जास्त घाबरल्या होत्या. त्यांच्या हातून बशा पडून फुटत होत्या, आणि हसू दाबणं हीच मोठी कसोटी होती. १८ आणि २० फेब्रुवारीला संख्या वाढली, दुकानंही वाढली.

दुकानदारांनी आणि पोलिसांनी आता अटकेची धमकी दिली. लुईस आणि लाफेएट यांनी नियमांचा एक कागद तयार करून वाटला. मार बसला तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका. सौजन्याने वागा, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांच्या शिकवणीचं स्मरण. वाट अडवू नका हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कायद्याला धरता येईल असं दुसरं काहीच मागे ठेवायचं नाही, म्हणजे उरतो तो एकच गुन्हा, काळ्या माणसाने स्टुलावर बसणं.

२७ फेब्रुवारीच्या शनिवारी कसोटी लागली. पोलीस बाजूला झाले आणि गोऱ्या तरुणांची टोळकी आत घुसली. लप्राडला स्टुलावरून खेचून बडवलं. कोणाच्या पाठीवर जळती सिगारेट विझवली, कोणाला जिन्यावरून ढकललं. मुलांनी हात उचलला नाही. नंतर पोलीस आले आणि त्यांनी मार खाणाऱ्यांना अटक केली. मारणाऱ्यांना कोणी हात लावला नाही. पण पोलिसांना ठाऊक नसलेली एक गोष्ट ठरून गेली होती. एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे, तिला नेलं की तिसरी. दिवसअखेर ऐंशीच्या वर विद्यार्थी कोठडीत होते. लुईसची ही पहिली अटक. विसावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता.

त्याच दिवसांतला लॉसन यांचा एक किस्सा आहे. रस्त्यावर एक चामडी जाकीटवाला तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने खरंच खिशातून रुमाल काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटारसायकल आहे का? मग गाडीविषयी दोघांचं थोडं बोलणंही झालं. संत म्हणून त्यांचं कौतुक करायला हा किस्सा हमखास वापरतात. मी तो कसब म्हणून वाचतो. समोरच्याने ठरवलेला खेळ मोडून त्याला वेगळ्याच संवादात ओढायचं, हे तळघरात शिकवलं जात होतं.

दंड न भरण्याचं गणित

जामिनाची रक्कम आधी १०० डॉलर होती. मुलं भरत नाहीत हे पाहून ती ५ डॉलरवर आणली. तरी मुलं बाहेर येईनात! शेवटी रात्री त्यांना तसंच सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी विद्यार्थ्यांना जाहीर पाठिंबा दिला. दक्षिणेतल्या काळ्या विद्यापीठांचे प्रमुख अशा वेळी बहुधा गप्प बसत किंवा मुलांना काढून टाकत, म्हणून या पाठिंब्याचं मोल मोठं.

२९ फेब्रुवारीला खटला उभा राहिला. लूबी युक्तिवाद करत असताना न्यायाधीशाने त्यांच्याकडे चक्क पाठ फिरवली. प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. नॅशने उभं राहून सांगितलं, की हा दंड भरणं म्हणजे या अटकेतल्या आणि शिक्षेतल्या अन्यायाला हातभार लावणं होईल. मुलांनी दंडाऐवजी तुरुंग पत्करला. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना कैदी म्हणून कामाला जुंपल्याची बातमी देशभर गेली.

या निर्णयाचा हिशेब साधा होता. चळवळीकडे पैसा नव्हता; दंड भरत बसली असती तर आठवड्याभरात दिवाळं वाजलं असतं. तुरुंगात गेल्यावर खर्च शहराचा, आणि बदनामीही शहराची. ८७ डॉलर ५० सेंटच्या तिजोरीवर हाच तोडगा होता.

महापौर वेस्ट यांनी चारेक दिवसांत मुलांना सोडलं आणि काळ्या-गोऱ्या सदस्यांची एक समिती नेमली. तिच्यात विद्यार्थ्यांपैकी एकही नव्हता. दरम्यान ‘नॅशव्हिल बॅनर’ या वृत्तपत्राने लॉसन यांच्यावर राळ उडवली होती. त्याचे प्रकाशक जेम्स स्टॉलमन व्हँडरबिल्टचे विश्वस्तही होते. ३ मार्चला व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी व्यापारात अडथळा आणण्याच्या कटाच्या आरोपाखाली त्यांना चर्चमधून अटक झाली. धर्मशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांनी राजीनामे देऊन विद्यापीठाला जेरीस आणलं. लॉसन यांनी पदवी बॉस्टनला जाऊन घेतली. पुढे २००६ मध्ये याच व्हँडरबिल्टने त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं.

समितीचा अहवाल ५ एप्रिलला आला. शिफारस अशी, की काउंटरचे दोन भाग करावेत, एक फक्त गोऱ्यांसाठी आणि दुसरा सर्वांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने. विद्यार्थ्यांनी ती तिथल्या तिथे धुडकावली. त्यांचं भांडण नेमकं त्या रेषेशी होतं. रेष सरकवून ते कसं मिटणार?

ईस्टर

दक्षिणेतल्या काळ्या घरांत ईस्टर म्हणजे नव्या कपड्यांचा सण. मुलांना नखशिखान्त नवं, बायकांना नवी टोपी. दुकानांचा तो हंगाम. १९६० मध्ये ईस्टर १७ एप्रिलला होता. मार्चपासून चर्चांमधून हाक फिरली, की यंदा मध्यवर्ती बाजारात काहीही घ्यायचं नाही. फिस्कचे अर्थशास्त्रज्ञ व्हिव्हियन हेंडरसन यांच्यासारखी माणसं दुकानदारांना काळ्या गिऱ्हाइकाच्या पैशाचं मोल समजावत होती. गेल्या वर्षीचे कपडे घालून ईस्टरला चर्चमध्ये येणं हीच त्या वर्षी प्रतिष्ठा झाली.

दुकानदारांना दुहेरी फटका बसला. काळे बहिष्कारामुळे येईनात, आणि मारामारीच्या भीतीने गोऱ्या बायकाही तिकडे फिरकेनात. इथे एक अवघड गोष्ट मान्य करायला हवी. गोऱ्या गिऱ्हाइकांना पळवलं ते गोऱ्या गुंडांच्या हिंसेने. आंदोलन शांत होतं, पण त्याचा दबाव अंशतः दुसऱ्यांनी माजवलेल्या दहशतीतून आला. अहिंसक पद्धतीचे टीकाकार यावर बोट ठेवतात, आणि ते चूक नाही. फक्त एवढं, की विद्यार्थ्यांनी एकदा जरी हात उचलला असता तर त्या दहशतीचं खापर त्यांच्याच माथी फुटलं असतं. ते दुकानदारांच्या आणि पोलिसांच्या माथी राहिलं, याचं श्रेय मंगळवारच्या त्या वर्गांना द्यावं लागतं.

१९ एप्रिल

ईस्टरनंतरच्या मंगळवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. घराचा पुढचा भाग उद्ध्वस्त झाला. समोरच्या मेहारी मेडिकल कॉलेजच्या इमारतीच्या शंभराहून अधिक काचा फुटल्या. लूबी दांपत्य मागच्या खोलीत झोपलेलं होतं, म्हणून वाचलं.

काही तासांत विद्यार्थ्यांच्या मध्यवर्ती समितीने महापौरांना तार केली, की आम्ही तुमच्याकडे येतो आहोत. टेनेसी ए अँड आयपासून जेफरसन स्ट्रीटवरून मोर्चा निघाला. वाटेत फिस्कची मुलं मिळाली, मेहारीची मिळाली, मग वस्तीतले लोक. घोषणा नाहीत, फक्त पावलांचा आवाज. पहाटे स्फोट आणि दुपारपर्यंत तीन-चार हजारांचा शिस्तबद्ध मोर्चा, हे उत्स्फूर्तपणे घडत नाही. फोनची साखळी, तुकड्या, म्होरके सगळं दोन महिने राबत होतं, म्हणूनच ते शक्य झालं.

पायऱ्यांवर आधी पाद्री सी. टी. व्हिव्हियन यांनी महापौरांवर कडक शब्दांत ठपका ठेवणारं निवेदन वाचलं. वेस्ट चिडले, आणि दोघांत खडाजंगी झाली. महापौर स्वतःचा बचाव करत बसले असते तर सभा तिथेच संपली असती. नॅशने सूर बदलला. वंश किंवा रंग एवढ्याच कारणावरून माणसामाणसांत भेद करणं आपल्याला चुकीचं वाटतं का, असं तिने महापौरांना माणूस म्हणून विचारलं. वेस्ट यांनी कबूल केलं. ज्याला माल विकायचा त्यालाच खायला नाकारायचं हे नीतीला धरून नाही, असं ते म्हणाले. नॅशने धागा सोडला नाही. मग लंच काउंटर सर्वांना खुले व्हावेत अशी आपली शिफारस आहे का? वेस्ट हो म्हणाले. अर्थात शेवटचा निर्णय दुकानमालकांचा, असं शेपूट त्यांनी जोडलंच. दुसऱ्या दिवशी ‘टेनेसियन’ या वृत्तपत्राने होकार ठळक छापला, शेपूट मागे पडलं.

वेस्ट यांचं धैर्य मी नाकारत नाही. त्या काळात दक्षिणेतल्या महापौराने असं बोलणं सोपं नव्हतं, आणि पुढे त्यांनी आपलं उत्तर कधी मागे घेतलं नाही. पण त्यांच्या बोलण्याने दुकानांवर कायद्याचं कसलंच बंधन येत नव्हतं. मालकांना काउंटर उघडायचे होते ते धंद्यासाठी, आणि पुढाकार घेऊन इतर गोऱ्यांचा रोष मात्र पत्करायचा नव्हता. महापौरांच्या होकाराने त्यांना निमित्त मिळालं. नॅशचा प्रश्न नेमका त्यासाठी मोलाचा ठरला. आतून नमलेल्या माणसाला बाहेर अब्रू राखून मागे यायला वाट करून देणं, हीसुद्धा त्या तळघरातलीच शिकवण.

दुसऱ्या दिवशी किंग फिस्कच्या व्यायामशाळेत बोलायला आले. बॉम्बच्या धमकीमुळे सभागृह एकदा रिकामं करावं लागलं. आपण प्रेरणा द्यायला आलो नसून घ्यायला आलो आहोत, असं ते नॅशव्हिलकरांना म्हणाले.

१० मे आणि राहिलेली कामं

वाटाघाटींत तपशील ठरले. सुरुवातीला थोड्याच काळ्या गिऱ्हाइकांनी ठरलेल्या वेळी यायचं, दुकानांनी नोकरांना आधी कल्पना द्यायची, वर्तमानपत्रांनी गाजावाजा करायचा नाही. १० मे १९६० च्या दुपारी सहा दुकानांच्या काउंटरांवर काळ्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदा वाढलं गेलं. दंगा झाला नाही. अशी विजयाची मिरवणूक टाळणं आज बोटचेपेपणा वाटेल. पण सर्वांत पहिल्या दिवशी तिथे बसून खाणारा माणूस मार न खाता घरी जावा, हा हिशेब त्यामागे होता.

झालं ते एवढंच. सहा दुकानं, त्यांची काउंटरं. त्याच भागातली चित्रपटगृहं, हॉटेलं आणि इतर खाणावळी होत्या तशाच राहिल्या. फेब्रुवारी १९६१ मध्ये हीच मुलं चित्रपटगृहांच्या तिकीट खिडक्यांसमोर पुन्हा रांगेत उभी राहिली, आणि पुन्हा मार खाऊ लागली. नोकऱ्यांचा प्रश्न तर काउंटरांच्या तडजोडीत आलाच नव्हता. वुलवर्थमध्ये काळ्या बाईला कॉफी मिळू लागली, पण ती देणाऱ्या गणवेशातली जागा तिला लगेच मिळाली नाही.

चळवळीची माणसं मात्र तिथून सर्वदूर पसरली. एप्रिल १९६० मध्ये, ईस्टरच्याच दिवसांत, एला बेकर यांच्या पुढाकाराने रॅले इथे विद्यार्थ्यांची समन्वय समिती स्थापन झाली. तिचं उद्देशपत्र लॉसन यांनी लिहिलं आणि पहिला अध्यक्ष झाला मेरियन बॅरी. मे १९६१ मध्ये अलाबामात फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसप्रवासातलं वर्णविभाजन मोडायला एकत्र निघालेल्या काळ्या-गोऱ्या प्रवाशांची, बस जाळली गेली, प्रवाशांना रक्तबंबाळ केलं आणि यात्रा थांबवण्याची वेळ आली. तेव्हा ती पुढे चालू ठेवणाऱ्या तुकड्या नॅशने नॅशव्हिलहून पाठवल्या. केनेडी सरकारच्या प्रतिनिधीने तिला फोन करून मुलं मरतील असं बजावलं. तिने सांगितलं, की निघण्याआधी सगळ्यांनी मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात रणनीती समितीचे प्रमुख लॉसन होते आणि किंगना तिथे त्यांनीच बोलावलं. लुईस पुढे तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकी काँग्रेसमध्ये राहिले.

नॅशव्हिलमध्ये उरलेल्या खाणावळींसाठी ठिय्ये आणि अटका १९६४ पर्यंत चालूच होत्या. २ जुलै १९६४ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली, आणि मालकाच्या मर्जीवर सोडलेला तो प्रश्न पहिल्यांदाच देशभर कायद्याच्या कक्षेत आला.